डोक्यावरचे टिंब : वरचे सप्तक की खालचे?

धागा. विषय : गिटारची ‘खोटी’ स्वरलिपी, आपल्याकडच्या सप्तकांच्या खुणा आणि जुन्या वह्या ‘शुद्ध’ करण्याची घाई. लांबला आहे, सवडीने वाचावा.

गेले काही दिवस एक चित्र सर्वत्र फिरते आहे. डाव्या बाजूस गिटारची पाच ओळींची स्वरलिपी, उजव्या बाजूस तीच लिपी पियानोवर वाजवली तर काय ऐकू येईल ते, आणि खाली शेरा : ‘गिटारचा प्रत्येक स्वर कागदावर एक सप्तक वर लिहितात. म्हणजे ही लिपी मुळातच खोटी.’ त्याखाली अपेक्षेप्रमाणे दोन फळ्या पडल्या. एक म्हणते, पाश्चात्त्यांना स्वर लिहिणे कधी जमलेच नाही, ती विद्या आमची. दुसरी म्हणते, निदान त्यांचा स्वर कुठला हे तरी कळते. भातखंड्यांच्या पुस्तकातला ‘सा’ कोणत्या पट्टीचा, हे देवालाही ठाऊक नाही.

मला दोन्ही मते अमान्य आहेत. परंतु वादात मी पडते आहे ती या फळ्यांमुळे नव्हे. या दोन्ही बाजूंची उत्साही मंडळी एका कामात मात्र खांद्याला खांदा लावून उभी आहेत : गावोगावच्या भजनाच्या, कीर्तनाच्या, पेटीच्या शिकवणीच्या जुन्या वह्या टंकित करायच्या, आणि टंकताना त्यांतली ‘चुकीची’ चिन्हे आजच्या पुस्तकाप्रमाणे दुरुस्त करायची. हेतू चांगला आहे, काम मात्र पुरावा नष्ट करण्याचे आहे. आणि हे मी वरच्या पायरीवरून सांगत नाही. हीच चूक मी स्वतः, याच ठिकाणी, मोठ्या आत्मविश्वासाने केलेली आहे. ती पुढे येईलच.

आधी गिटार. आरोप वस्तुस्थिती म्हणून खरा आहे. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनांची. कागदावर मात्र ती त्याच्या दुप्पट कंपनांच्या जागी लिहिली जाते. प्रश्न असा की, ती खऱ्या जागी लिहायची म्हटली तर काय होईल? व्हायोलिनसाठी जी किल्ली ओळींच्या आरंभी काढतात (ओळींवर कोणता स्वर कुठे बसतो हे ठरवणारे चिन्ह म्हणजे किल्ली), त्या किल्लीत ही तार पाच ओळींच्या खाली सातव्या जादा रेघेवर जाऊन पडते. सात तुटक रेघा मोजून स्वर ओळखायचा! बरे, खर्जाची किल्ली घ्यावी, तर जाड तार सुखाने बसते; पण बारीक तारेवर बाराव्या पडद्यापर्यंत गेले की ओळींच्या वर पाच जादा रेघा चढतात. गिटारचा पल्ला दोन्ही किल्ल्यांच्या मधोमध अडकलेला आहे. एक सप्तक वर सरकवून व्हायोलिनच्या किल्लीत लिहिले, की जवळजवळ सारे वाद्य आटोपशीर मावते.

याला इतिहासही आहे. अठराव्या शतकापर्यंत गिटार आणि तिच्या घराण्यातली ल्यूटसारखी वाद्ये स्वर लिहीतच नसत; कोणत्या तारेवर कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचे, एवढेच लिहीत. त्या शतकाच्या उत्तरार्धात गिटारवादक पाच ओळींकडे वळले. एव्हाना घरोघरी लोकांना जी किल्ली वाचता येत होती ती व्हायोलिनची. तीच उचलली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सोर आणि जुलियानी यांच्यासारखे वादक-रचनाकार याच किल्लीत लिहीत होते, आणि वाचणाऱ्याला ठाऊक होते की हाती गिटार आहे, व्हायोलिन नव्हे. ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुरते यात खोटे काही नाही.

गळ्याचेही तसेच. पुरुषांच्या उंच आवाजासाठी, ज्याला तिकडे टेनर म्हणतात, पूर्वी वेगळी किल्ली असे. पुढे हौशी समूहगायनाची पुस्तके खपू लागली, दर आवाजाला निराळी किल्ली शिकण्याची तसदी हौशी माणूस घेईना, आणि टेनरची ओळही व्हायोलिनच्या किल्लीत, प्रत्यक्षाहून एक सप्तक वर छापली जाऊ लागली. काळजीवाहू संपादक किल्लीच्या पायाशी बारीक ‘८’ लिहितात. पुष्कळ जण तेही लिहीत नाहीत. इंग्लंडात जॉन कर्वेनने शाळा आणि चर्चसाठी अक्षरांची जी टॉनिक सोल-फा पद्धत रूढ केली, तिच्यात तर पुरुषांच्या दोन्ही ओळी सरसकट एक सप्तक वर लिहिण्याचा नियमच होता. कारण साधे : सप्तकाच्या खुणांची गर्दी टळते.

‘निदान त्यांचा स्वर कुठला हे तरी कळते’ म्हणणाऱ्यांसाठी एक लहानसा थांबा. ज्या ‘ला’ स्वराला आज सर्व जग ४४० कंपने मानते, ते १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले. फ्रान्सने १८५९ मध्ये कायदा करून ४३५ धरली होती. त्याआधी गावागणिक, चर्चगणिक, नाटकगृहागणिक पट्टी निराळी. कागदावरचा स्वर तोच, कानावर पडणारा वेगळा. तेव्हा त्या कागदाने कंपनसंख्या सांगितली हे म्हणणे जेमतेम शंभर वर्षांपुरतेच खरे.

मुळात ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्दच तपासायला हवेत. आपण बारीक स्वराला उंच म्हणतो, चढा म्हणतो, वरचा सा म्हणतो. आणि हे इतके अंगवळणी पडले आहे की तो निसर्गनियम वाटतो. प्राचीन ग्रीकांत सर्वांत जाड स्वर देणाऱ्या तारेचे नाव होते ‘हिपाते’, म्हणजे सर्वांत वरची, आणि बारीक स्वराच्या तारेचे ‘नेते’, म्हणजे सर्वांत खालची. वाद्य हाती धरले की तार कुठे येते, त्यावरून नाव. गिटार मांडीवर घेऊन पाहा, जाड तार वरच असते. म्हणूनच इटलीच्या जुन्या ल्यूटलिपीत सर्वांत वरची ओळ जाड तारेची असे, आणि फ्रान्सच्या लिपीत नेमकी उलट. दोन शेजारी देश, एकच वाद्य, आणि कागदाची दिशा परस्परविरुद्ध.

आता आपल्या अंगणात या. जालन्याहून देवगिरी किती लांब? दोन तासांच्या आत पोहोचता येते. तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या पदरी तिथे शार्ङ्गदेव नावाचा राजसेवक होता. घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबांपासून दक्षिणेत आलेले, काम हिशेबाचे. आणि त्या हिशेबनिसाने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ पुढे उत्तरेतल्या व दक्षिणेतल्या, दोन्हीकडच्या संगीतशास्त्राचा आधार झाला. (किल्ल्यावर जाऊन तोफेशेजारी छायाचित्र काढणाऱ्यांनी निदान एकदा त्याचे नाव घ्यावे, ही माझी जुनी तक्रार.) शार्ङ्गदेव सप्तक मोजतो ते शरीरात : मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात, पुढचे प्रत्येक मागच्याच्या दुप्पट. म्हणजे मध्य सप्तक कुठे, याचे उत्तर ‘गाणाऱ्याच्या कंठात’. गाणारा बदलला की जागा बदलली. यात संदिग्धता नाही. पट्टी सांगायचीच नाही, हा इथे विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

आजही तसेच चालते. एखादा गायक काळी एकला सा धरतो, सेकंदाला सुमारे १३९ कंपने. एखादी गायिका काळी चारला, सुमारे २०८. दोघांपुढे पुस्तक एकच आणि त्यात चिन्हाविना लिहिलेला ‘सा’ही एकच. त्यातून पेटी मध्ये आली की गंमत वाढते. पेटीत खर्ज, नर, मादी अशा सुरांच्या जोड्या असतात. बोट एका पट्टीवर आणि आवाज दोन सप्तकांतून एकदम. यांतला ‘खरा’ स्वर कोणता लिहायचा, हे सांगावे खरेपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी.

आणि आता मुख्य मुद्दा. शार्ङ्गदेवाने स्वर लिहून दाखवले आहेत, सप्तकाच्या खुणाही सांगितल्या आहेत : मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब, तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. आजच्या विद्यार्थ्याने हे वाक्य पुन्हा वाचावे. डोक्यावर टिंब म्हणजे खालचे सप्तक.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन मराठी माणसांनी, दोघांचे नाव विष्णू, स्वरलिपीचा प्रश्न नव्याने हाती घेतला. विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म १८७२, कुरुंदवाड. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६०, मुंबईचे वकील. घराण्यांच्या चिजा जमवून ‘क्रमिक पुस्तकमालिका’ छापली, १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. दोघांत मतभेद पुष्कळ, चिन्हांत तर फारच. पलुस्करांनी सप्तकाच्या खुणा रत्नाकराप्रमाणे ठेवल्या : मंद्रासाठी वर टिंब, तारेसाठी वर उभी रेघ. भातखंड्यांनी मंद्राचे टिंब अक्षराखाली नेले आणि तारेचे वर.

परिणाम पाहा. ‘ध’ आणि त्याच्या डोक्यावर टिंब. पलुस्करांचा विद्यार्थी तो मंद्र धैवत वाचेल, भातखंड्यांचा तार धैवत. दोघांत दोन सप्तकांचे अंतर. गिटारचे एका सप्तकाचे ‘खोटे’ या मानाने फारच किरकोळ. ‘म’ आणि डोक्यावर उभी रेघ : पलुस्करांकडे तो तार सप्तकातला मध्यम, भातखंड्यांकडे मध्य सप्तकातला तीव्र मध्यम. ‘ग’ आणि खाली आडवी रेघ : भातखंड्यांकडे कोमल गंधार, पलुस्करांकडे ती रेघ कोमल-शुद्धाचे काही सांगतच नाही, स्वर एक मात्रा टिकतो, एवढेच सांगते.

यांपैकी चूक कोण? कोणीच नाही. पलुस्करांना अक्षराखालची जागा मात्रांच्या चिन्हांसाठी हवी होती, तेव्हा सप्तकाची खूण वर जाणे माझ्या मते ओघानेच आले. त्यात जुन्या ग्रंथाचा आधारही होता. भातखंड्यांना चिन्हे कमी आणि चटकन कळणारी हवी होती. खालचा स्वर, खाली टिंब, हे मुलालाही समजते. त्यांची लिपी अधिक पसरली ती सोपी म्हणून. सोपी असणे वेगळे आणि खरी असणे वेगळे.

आता माझी चूक. माझ्या आजोबांची एक वही आमच्या घरी आहे. घनसावंगी तालुक्यातल्या गावी भजनात ते पेटी धरत. लाल कापडी बांधणीची, मुळात रोजकीर्दीसाठी घेतलेली लांबट वही. आरंभीच्या दोन पानांवर १९५४ सालच्या कापसाचा हिशेब आहे आणि तिसऱ्या पानापासून अभंगांच्या चाली. मी शाळेत भातखंडे पद्धतीने थोडे गाणे शिकलेली. वही उघडली, टिंबे पाहिली आणि वाचत सुटले. सा, मग डोक्यावर टिंब असलेले नि, ध, पुन्हा नि, पुन्हा सा. म्हणजे मध्य सा वरून एकदम तार निषादावर उडी! जिथे तिथे हेच. त्यावरून मी याच ठिकाणी मराठवाड्याच्या भजनपरंपरेतील ‘असाधारण तारसप्तकी गायकी’वर एक धागा लिहिला. उभ्या रेघेचा म तीव्र समजून एका चालीच्या रागाचे नावही बदलले. शेकडो लोकांनी तो धागा पुढे पाठवला.

आमच्या गल्लीत पेटी शिकवणारे एक वृद्ध काका आहेत. त्यांना मी अभिमानाने वही दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, पहिली ओळ पाहिली आणि विचारले, “पोरी, सा कधी कोमल असतो का?”

नसतो. सा आणि प अचल स्वर, हे पहिल्या इयत्तेचे ज्ञान. आणि वहीत सा खाली रेघ होती, प खाली रेघ होती, जवळपास प्रत्येक अक्षराखाली रेघ होती. ती मी पाहिली होती. पण माझ्या ओळखीच्या लिपीत तिचा अर्थ लागेना, म्हणून आजोबांची सजावट समजून सोडून दिली. त्या रेघा मात्रांच्या होत्या. वही पलुस्कर पद्धतीची होती. सा वरून खाली निषाद, धैवत, आणि परत सा : कुठल्याही भजन्याच्या गळ्यात सहज बसणारी, जमिनीवरची चाल. काकांनी ती तिथेच बसून वाजवून दाखवली, आणि आईने आतून येऊन पुढची ओळ म्हटली. तिला ती चाल येत होती. तो धागा लिहिण्याआधी मी तिला विचारलेसुद्धा नव्हते.

ही चूक सापडली कशामुळे? वही जशीच्या तशी होती म्हणून. समजा माझ्यासारख्याच कोणा उत्साही व्यक्तीने ती आधीच टंकित केली असती. ‘निरर्थक’ रेघा गाळल्या असत्या, टिंबे तशीच ठेवून वर ‘भातखंडे पद्धतीनुसार’ असा मथळा दिला असता. मग सा खालची रेघ उरली नसती, काकांच्या प्रश्नाला जागा उरली नसती, आणि आजोबा कायमचे तारसप्तकी ठरले असते. जे चिन्ह आपल्याला कळत नाही, नेमके तेच बहुधा सांगत असते की आपण चुकीच्या लिपीत वाचतो आहोत. तेच आधी पुसायचे, याला शुद्धीकरण म्हणायचे?

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. विद्यार्थ्याने दोन-दोन लिप्या का शिकाव्यात? परीक्षेत एकीचे चिन्ह दुसरीत लिहून गुण गेलेली मुले मी पाहिली आहेत. नवीन पुस्तकांपुरती एकच लिपी ठेवा, माझा विरोध नाही. भातखंड्यांची ठेवा, तीही चालेल. गिटार शिकणाऱ्या मुलालाही पहिल्याच दिवशी सांगावे की कागद एक सप्तक वर बोलतो. किल्लीखाली ते बारीक ‘८’ लिहिले तर उत्तमच. शिकवणे सोपे करणे हे शिक्षकाचे काम आहे. परंतु जुना कागद हा पाठ्यपुस्तक नव्हे, तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची जबानी आपल्या सोयीच्या भाषेत बदलून नोंदवता येत नाही. सोयीची प्रत करायचीच तर ती शेजारी, वेगळी, आणि कोणते चिन्ह कशात बदलले हे सांगून करावी.

इतिहासाच्या इतर शाखांत हे आपण निमूट मानतो. मोडी पत्रातली हिजरी किंवा शुहूर तारीख खोडून तिथे इसवी सन लिहिणाऱ्याला आपण संशोधक म्हणणार नाही. मूळ तारीख ठेवून शेजारी कंसात इसवी सन देतो. वेदपाठाच्या पोथ्यांतही तेच पथ्य. ऋग्वेदाच्या पोथीत अक्षरावरची उभी रेघ स्वरिताची. मैत्रायणी आणि काठक संहितांत तीच रेघ उदात्ताची. पोथी कोणत्या शाखेची हे आधी पाहिल्यावाचून कोणी रेघ वाचत नाही. मग भजनाच्या वहीनेच काय अपराध केला? ती खेड्यातली, शाईचे डाग पडलेली, कापसाच्या हिशेबामागे लिहिलेली, म्हणून?

‘ही विद्या आमचीच’ म्हणणाऱ्या फळीला एवढेच : शार्ङ्गदेवाचा अभिमान जरूर बाळगा, पण मग त्याचे टिंबही सोसावे लागेल. आज ज्या पुस्तकांवरून तुम्ही ‘प्राचीन भारतीय स्वरलिपी’ म्हणून चित्रे फिरवता, त्यांतले डोक्यावरचे टिंब देवगिरीच्या त्या हिशेबनिसाने उलट वाचले असते.

आता वहीचे पुढे काय, ते सांगते. तो जुना धागा मी काढून टाकलेला नाही. त्याच्या माथ्यावर दुरुस्ती जोडली आहे, चूक कशी झाली यासह. वहीच्या पानांची छायाचित्रे घेणे सुरू आहे. त्यात एक गोष्ट नव्याने दिसली. ४३ व्या पानापर्यंत अक्षर आजोबांचे. ४४ व्या पानापासून अक्षर बदलते, ते माझ्या मावशीचे. शाळेत असताना ती पेटीच्या परीक्षेला बसत होती. तिथून पुढे अक्षरांखालच्या मात्रांच्या रेघा नाहीशा होतात, खालची रेघ फक्त ग, ध, नि यांच्याखाली उरते आणि टिंबे अक्षराखाली उतरतात. एकच वही, एकच घर, आणि मधल्या एका पानावर लिपी बदलली. ४१ व्या पानावरची आजोबांची एक चाल मावशीने ४६ व्या पानावर आपल्या लिपीत पुन्हा लिहून घेतली आहे, आणि समासात पेन्सिलीने लिहिले आहे : ‘दादांचे टिंब वर, माझे खाली.’

दोन्ही पाने उद्या इथे लावते, जशीच्या तशी. ज्यांना दोन्ही लिप्या येतात त्यांनी ताडून पाहावीत. तिसऱ्या ओळीत मावशीने एक स्वर बदलला आहे असे मला वाटते, पण यावेळी आधी आईला विचारणार आहे.